पडदा ओढा, नाणं टाका: फोटोबूथची शंभर वर्षं

फोटोबूथ म्हटलं की काय आठवतं? लग्नाचा हॉल, फुलांची चौकट, खोट्या मिशा आणि ‘चला चला, पुढचा ग्रुप!’ असं ओरडणारा कुणीतरी दादा. आजचा एपिसोड त्याच्याबद्दल नाही. तो आहे त्याच्या आजोबांबद्दल, म्हणजे नाणं टाकल्यावर फोटो देणाऱ्या खोक्याबद्दल.

साल 1925, सप्टेंबर महिना. सैबेरियातल्या ओम्स्कमध्ये जन्मलेल्या अनातोल जोसेफोनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘फोटोमॅटॉन’ नावाचं दुकान उघडलं. 25 सेंटमध्ये 8 फोटो, तेही 8 मिनिटांत. पहिल्या सहा महिन्यांत तिथं सुमारे 2 लाख 80 हजार लोक येऊन गेले. 1927 मध्ये जोसेफोनं अमेरिकेतले हक्क 10 लाख डॉलरला विकले. आजच्या भाषेत, स्टार्टअप हिट!

आता यंत्राच्या आत डोकावू. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. यात फिल्म नसतेच. कॅमेरा थेट कागदावर फोटो घेतो. मग ती कागदाची पट्टी एकामागून एक रसायनांच्या टाक्यांत बुडते. आधी कागदावर निगेटिव्ह उमटते. पुढच्या टाकीतलं रसायन ती निगेटिव्ह चक्क धुऊन टाकतं. आणि कागदावर उरलेल्या चांदीच्या क्षारांतून खरा फोटो तयार होतो. म्हणजे बघा, फोटो मिळवायचा तर मूळ पुसावंच लागतं. हातात येते ती एकच प्रत. बॅकअप नाही, कुठल्या सर्व्हरवर कॉपी नाही.

आणि दुसरी गोष्ट, आत फोटोग्राफरच नसतो. ‘मान जरा सरळ, आता हसा’ म्हणणारं कुणी नाही. ही गोष्ट कलाकारांनी लगेच हेरली. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों आणि त्यांचे सर्रिअलिस्ट मित्र फोटोमॅटॉनमध्ये जाऊन बसायचे. डिसेंबर 1929 मध्ये त्यांच्या मासिकात रेने माग्रितचं एक चित्र छापून आलं. त्याच्या चारही बाजूंना गटातल्या 16 जणांचे चेहरे होते आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले! ओळखपत्राच्या फोटोत जे अजिबात चालत नाही, तेच त्यांनी मुद्दाम केलं. पुढे 1963 मध्ये अँडी वॉरहॉलनं एथेल स्कल या कलासंग्राहक बाईंना न्यूयॉर्कच्या बूथमध्ये बसवलं आणि त्या फोटोंवरून 36 चौकटींचं चित्र केलं.

पण माझ्या मते या यंत्राची खरी किंमत कलाकारांपेक्षा साध्या माणसांना जास्त कळली. कॅनडातल्या व्हॅन्कुव्हरमधली 1953 सालची एक पट्टी आहे. त्यात दोन तरुण एकमेकांचं चुंबन घेतायत. तेव्हा तिथं समलिंगी संबंध हा गुन्हा होता, कायदा बदलला 1969 मध्ये. साध्या कॅमेऱ्यानं काढला असता, तर रोल धुवायला दुकानात द्यावा लागला असता. दुकानदारानं तो पाहिला असता, कदाचित पोलिसांना कळवलंही असतं. बूथमध्ये मात्र पडदा होता आणि ती एकच प्रत त्यांच्याच हातात पडली. म्हणूनच हा फोटो काढता आला.

मग डिजिटल बूथ आले आणि रसायनवाले भंगारात निघाले. आज जगात ते मोजकेच उरलेत. त्यांना जपणाऱ्या वेड्या लोकांचे मेळावे भरतात, ‘इंटरनॅशनल फोटोबूथ कन्व्हेन्शन’ हा त्यातलाच. तिथं संग्राहक, कलाकार आणि तंत्रज्ञ एकत्र येतात. बाकी दोघं फोटोंवर बोलत असले, तरी यंत्र बंद पडल्यावर ते उघडून दुरुस्त करणारा तंत्रज्ञ नसेल तर सगळंच ठप्प.

असाच एक तंत्रज्ञ म्हणजे मेलबर्नचे अ‍ॅलन अ‍ॅडलर. त्यांनी जवळपास 50 वर्षं बूथ चालवले. दुरुस्तीनंतर यंत्र नीट चालतंय का, हे बघायला ते स्वतःच आत बसायचे. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या हजारो फोटोंचा साठा तयार झाला, काळे केस ते पांढरे केस. 2018 मध्ये फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरचा त्यांचा बूथ हलवायची नोटीस आली, तेव्हा शहरातल्या लोकांनीच आवाज उठवला आणि बूथ वाचला. डिसेंबर 2024 मध्ये अ‍ॅडलर वारले, वयाच्या 92 व्या वर्षी.

आपल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात, क्लाउडवर सगळ्यांच्या प्रती. पण ते फोटो आपल्याशिवाय आणखी कोण कोण बघतंय, हे खात्रीनं सांगता येईल का? शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खोक्यानं पडद्याआड लोकांना ती खात्री दिली होती, तीही 25 सेंटमध्ये.

तुमच्या घरात आजी-आजोबांचा एकच प्रत असलेला एखादा फोटो असेल, तर आज त्याच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव आणि साल लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!