हात तुटला तर दाखला, हृदय थकलं तर काय?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो, "दादा, हृदयाचं ऑपरेशन झालंय, अपंगाचा दाखला मिळेल का?" विचारणारा कधी वीटभट्टीवरून परतलेला असतो, कधी चिकूच्या वाडीत रोजंदारी करणारा. बऱ्याचदा ती पंचवीस-तिशीतली बाईही असते. पाण्याचा हंडा घेऊन चढण चढताना तिला तीनदा बसावं लागतं, पण हातपाय धड दिसतात म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

खरं उत्तर कडू आहे. नुसत्या हृदयविकारावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत हृदयविकाराचं नाव नाही. हे असं का झालं, याचा इतिहास आपल्या पोरांनी समजून घेतला पाहिजे. इतिहास कळला नाही तर आपण अर्ज करत राहतो आणि नकार आला की नशिबाला दोष देऊन घरी बसतो.

शरीराच्या नुकसानीची टक्केवारी लावण्याची पद्धत आपल्याकडे कारखान्यातून रुजली. ब्रिटिश सरकारने 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा केला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा जणू दरफलकच आहे. दोन्ही हात गेले तर 100 टक्के, अंगठा गेला तर 30 टक्के. यंत्रात सापडून काय तुटलं ते मोजायचं आणि त्या हिशेबाने पैसे द्यायचे. त्या काळात हेही मोठं पाऊल होतं. पण अपंगत्व म्हणजे डोळ्यांना दिसणारं नुकसान, ही समजूत तिथून सरकारी डोक्यात घट्ट बसली.

त्याच काळात डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतला वारली या कायद्याच्या बाहेरच होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी 'लग्नगडी' होऊन तो जमीनदाराकडे राबत होता. वेठीला आजारपणाची रजा नसते. 23 मे 1945 रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. या लढ्याचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर. यातले शामराव 1937 मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते आणि खोतीविरुद्धच्या लढ्यात बाबासाहेबांसोबत होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले, वाटा वेगळ्या झाल्या. तरी झरीची सभा आणि खोतीविरोधी मोर्चा यांचा प्रश्न एकच होता. राबणाऱ्याच्या शरीरावर हक्क कुणाचा?

वारली वेठीविरुद्ध उभे राहत होते तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. 1942 ते 1946 हा तो काळ. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं गेलं आणि 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. विचार साधा होता. मजूर आजारी पडला तर मजुरी बुडते. म्हणून औषध द्यायचं आणि बुडालेल्या मजुरीचा भागही द्यायचा.

या विमा योजनेत दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे. त्याच्या यादीत हृदयाचे गंभीर विकार आहेत, झडपांचे आजार आहेत, हृदय निकामी होणंही आहे. विमाधारक कामगाराला अटी पूर्ण केल्यावर मजुरीच्या 80 टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकते. म्हणजे थकलेलं हृदय माणसाला कामातून उठवतं, हे भारत सरकारला कळत नाही असं नाही. संघटित कामगाराच्या बाबतीत ते नीट कळतं. प्रश्न वीटभट्टीवरच्या मजुराचा आहे, कारण त्याच्या नावाने विम्याचा हप्ता कुणी भरलेलाच नाही.

एक आकडा लक्षात ठेवा, 21,000. राज्य विम्यासाठी कामगाराच्या पगाराची मर्यादा महिन्याला 21,000 रुपये आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादाही 21,000 रुपयेच आहे, पण वर्षाला! एकाच राज्यात एकाला महिन्याला जेवढं मिळवूनही आजारपणाचं संरक्षण आहे, तेवढं दुसऱ्याच्या अख्ख्या घराने वर्षभरात मिळवलं की तो निराधार ठरत नाही. ही विषमता कुठल्या निसर्गनियमाने आलेली नाही, ती कागदावर लिहिली गेली आहे.

आता दिव्यांग कायद्याकडे या. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते. हृदयविकार त्यांत नव्हता. गंमत अशी, की 1 जून 2001 च्या केंद्र सरकारच्या मूल्यमापन निकषांत हृदय आणि फुप्फुसाच्या विकारांसाठी स्वतंत्र भाग होता. रोजचं काम करताना दम लागतो का, बसल्या जागी लागतो का, यावरून रुग्णांचे गट पाडले होते. म्हणजे मोजपट्टी होती, कायद्यात नाव नव्हतं. शिवाय त्याच भागात डॉक्टरांना इशारा होता, की दाखला मागायला येणारे लक्षणं वाढवून सांगण्याची शक्यता असते. गरिबाच्या दम लागण्यावर आधी संशय घ्यायचा, ही सावकाराच्या ओटीवरची जुनी रीत सरकारी निकषांतही शिरली.

2016 मध्ये सातचे 21 झाले. त्यांत सिकलसेल आला, ही मोठी गोष्ट आहे. सिकलसेल आदिवासींमध्ये आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे, आणि तोही बाहेरून दिसत नाही. म्हणजे न दिसणारा आजार यादीत घेता येतो, हे याच कायद्याने सिद्ध केलंय. मग संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेलं हृदय का नको? हा आजार गरिबीतून येतो. दाटीवाटीच्या घरात लेकराचा घसा पुन्हापुन्हा सुजतो, वेळेवर पेनिसिलिन मिळत नाही, ताप सांध्यांवर आणि हृदयावर उतरतो. मुलीच्या बाबतीत कित्येकदा पहिल्या बाळंतपणात दम लागतो तेव्हाच तो उघड होतो.

याच आजारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. मग पक्षाघात होतो आणि अर्धं अंग लुळं पडतं. तेव्हा मात्र दाखला मिळू शकतो. कारण तेच हृदय, माणूस तोच. फक्त नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावं लागतं.

शासन महात्मा फुले योजनेतून हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलतं, ते चांगलंच आहे. पण झडप बदलून माणूस पाड्यावर परतला की पुढे आयुष्यभर गोळ्या, तपासण्या आणि हलकंच काम. हलकं काम देणारा मुकादम कुणी पाहिलाय का?

संविधानाने या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्याच नाहीत. कलम 41 मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता एकाच ओळीत आहेत आणि या सगळ्यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही तत्त्वं कोर्टात बजावून घेता येत नाहीत, अशी टीका तेव्हाही झाली. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी उत्तर दिलं होतं, की सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं डावलता येणार नाहीत, निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावाच लागेल. तो जाब विचारणं हे आपलं काम आहे.

मग करायचं काय? संजय गांधी निराधार योजनेच्या निकषांत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग 'यासारख्या' दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे पात्र धरले आहेत. 'यासारख्या' हा शब्द आपला आहे. यादी तिथे संपत नाही. म्हणून सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर नुसतं आजाराचं नाव लिहून घेऊ नका. किती श्रमाने दम लागतो, मजुरी करता येते की नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. सोबत इको तपासणी आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. आपले बरेच लोक वापी, वलसाड, सिल्वासाला उपचार घेतात. ते कागद जपून ठेवा आणि त्यांच्या आधारे इथल्या सरकारी रुग्णालयाचा दाखला घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. पक्षाघात किंवा सिकलसेल सोबत असेल तर दिव्यांग दाखल्याचा अर्ज वेगळा करा. कारण या योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तर दिव्यांगांसाठी ही रक्कम 2025 मध्ये 2,500 झाली आहे. त्यांच्यासाठी उत्पन्नाची वार्षिक मर्यादाही 50,000 आहे.

आणि मोठी मागणी दिल्लीकडे. 2016 च्या कायद्याच्या परिशिष्टाच्या शेवटी केंद्र सरकारला नवा प्रकार अधिसूचित करण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी संसदेत नवा कायदा लागत नाही, सरकारची इच्छा आणि जनतेचा रेटा लागतो. झरीला जमलेल्या माणसांकडे दाखले नव्हते, अर्जाचे नमुने नव्हते. तरी त्यांनी वेठ मोडून काढली. आपल्याकडे संविधान आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि त्याची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि खासदार, तिघांनाही द्या.

जय भीम!