वाक्य बरोबर, पण कोणाच्या कानाला?

एखादे वाक्य बरोबर की चूक, हे ठरवायचे कोणी? शाळेत मास्तर ठरवीत. १९५७ साली नोम चॉम्स्की यांचे वाक्यरचनेवरील छोटेखानी पुस्तक आले आणि निवाड्याचा मान भाषकाच्या उपजत जाणिवेला मिळाला. व्यवहारात हा भाषक म्हणजे बहुधा अभ्यासक स्वतःच, फार तर शेजारच्या खोलीतला सहकारी. हानेमान यांनीही १७९० मध्ये सिंकोनाची साल आधी स्वतःवरच तपासली होती. पण पुढे औषधसिद्धतेसाठी त्यांना इतर निरोगी माणसे जमवावी लागली.

शंका लवकरच निघाली. १९६१ मध्ये आर्चिबाल्ड हिल यांनी वादातली वाक्ये दहा जणांपुढे ठेवली, तर उत्तरे एकमेकांशी जुळेनात. १९६५ मध्ये जेरी फोडर आणि टॉमस बीव्हर यांनी नामी युक्ती काढली. एका कानात वाक्य, दुसऱ्या कानात मधेच ‘टिक्’ असा आवाज. तो कुठे आला ते सांगायचे. ऐकणारे तो आवाज खऱ्या जागेवरून उपवाक्यांच्या सांध्याकडे सरकवीत. व्याकरणाचा गंध नसलेल्या माणसालाही वाक्याचे सांधे कळतात, याचा इतका सुंदर पुरावा मला दुसरा माहीत नाही.

शिस्तशीर पद्धत बसली ती नव्वदच्या दशकात. कार्सन शुट्झे यांनी १९९६ मध्ये जुन्या रीतीची चिकित्सा केली. वेन कोवार्ट यांनी १९९७ मध्ये प्रयोग कसा करावा ते लिहून दिले. एकाच रचनेची निरनिराळ्या शब्दांतली वाक्ये, काय तपासले जाते ते कळू नये म्हणून मधे भरीची वाक्ये, आणि होय-नाहीऐवजी गुणांची पट्टी.

निकाल मात्र गमतीचा लागला. २०१३ मध्ये जॉन स्प्राउस, शुट्झे आणि दिओगो आल्मेइदा यांनी ‘लिंग्विस्टिक इन्क्वायरी’च्या दहा वर्षांच्या अंकांतून इंग्रजी वाक्यांच्या १४८ जोड्या घेऊन सामान्य लोकांकडून तपासल्या. सुमारे ९५ टक्के ठिकाणी पंडितांचा कान खरा ठरला!

पण इंग्रजीत चूक दाखवायला हजार सहकारी बसलेले असतात. आपले काय? सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांना आढळले, ते त्यांनी १९७१ मध्ये मांडले: तिथल्या जैनांची कन्नड, इतरांची मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावे. ती मराठी पुण्याच्या कानाने तपासली तर नापास होईल. सीमेवरच्या आपल्या घरांना हा शेरा नवा नाही. चाचणी घ्यायला चाळीसेक वाक्ये, एक वही, आणि कन्नड बोलणारे व न बोलणारे असे मराठी भाषकांचे दोन गट एवढ्यावर आरंभ करता येईल.