श्रमिक कर-सवलत आणि रोजगार हमी

कमी मिळकतीच्या श्रमिकाला सरकारी तिजोरीतून दिला जाणारा आधार. अमेरिकेत अर्जित उत्पन्नावरील कर-सवलत 1975 पासून आहे. कर लागू होण्याइतकी कमाई नसली, तरी रक्कम हाती पडते. मूल नसलेल्यांना मात्र ती तुटपुंजी मिळते. 2021 मध्ये त्यांची कमाल रक्कम जवळपास तिपटीने वाढून सुमारे 1,500 डॉलर झाली. ही वाढ एकच वर्ष टिकली.

भारतातील प्राप्तिकराची सूट देय करापुरतीच असते. मोसम नदीकाठच्या नामपूरला (ता. बागलाण) कांदा निवडून गोणी भरणाऱ्या मजुराला मुळात कर लागत नाही, म्हणून सूटही नाही.

महाराष्ट्राने वेगळी वाट काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोचली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसला: शहरी पगारातून कापलेला पैसा पाझर तलाव आणि नालाबांधावरच्या मजुरीला. कायदा 1977 चा. त्याचे मोठेपण असे, की कामाचा हक्क व्यक्तीचा होता. गावातला कोणीही प्रौढ काम मागू शकत होता. लग्न झाले का, मुले किती, हा प्रश्नच नव्हता.

2005 च्या केंद्रीय कायद्याने हमी कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची केली. त्यापुढच्या दिवसांचा खर्च महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवला.