वनस्पती-अर्क, बीजांकुरण व मृदाजीव (गोंदिया जिल्हा)

पाने, मुळे, बिया, पेंड यांतून पाण्यात उतरणाऱ्या रसायनांचा शेजारच्या बियांच्या उगवणीवर व मातीतील सूक्ष्मजीवांवर होणारा बरा-वाईट परिणाम. त्याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. ही संज्ञा ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये दिली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा जिल्हा असल्याने येथे हा विषय थेट बांधीशी (धानाच्या शेताशी) निगडित आहे.

चाचणी : वाळलेल्या पाल्याची पूड पाण्यात भिजवून गाळतात. बशीतील गाळणकागदावर बिया मांडून काहींना हा अर्क, तर काहींना नुसते पाणी देतात आणि उगवण व मोडाची लांबी मोजतात. अंकुरमूळ अर्काच्या सतत संपर्कात असते. त्यामुळे बी उगवले तरी मूळ खुरटलेले दिसू शकते. तीव्र अर्काने रोखले जाणारे बी सौम्य अर्काने कधी जोमानेही वाढते.

वनस्पती : १९५५ मध्ये पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत पार्थेनिन या द्रव्यामुळे इतर बियांची उगवण दाबते. खुद्द धानही याला अपवाद नाही. त्याच्या तुसातून वेगळे केलेले मोमिलॅक्टोन बी हे द्रव्य मुळांवाटेही बाहेर पडते आणि काही तणांची वाढ रोखते.

मृदाजीव : निंबोळी पेंडीतील द्रव्ये अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतात व नत्राचा ऱ्हास कमी होतो. देशात तयार होणाऱ्या शेतीच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप बंधनकारक आहे, त्यामागे हा गुणही आहे. पेंडीचा परिणाम तळ्यातही दिसतो : मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन हे द्रव्य माशांना विषारी असते. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे काढण्यासाठी ती तळ्यात टाकतात. पुढे विष ओसरते व तीच पेंड कुजून खत होते. सूक्ष्मजीव अर्काने दबतात, तसेच अनेक द्रव्ये पचवून निष्प्रभही करतात. पाणी साचलेल्या बांधीत मात्र हवेअभावी काडीकचरा सावकाश कुजतो आणि मुळांना अपायकारक आम्ले साचू शकतात.

उपयोग व मर्यादा : कीडनियंत्रणासाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. १०० लिटर फवाऱ्याला साधारण ५ किलो निंबोळी लागते. बशीत सिद्ध झालेला परिणाम बांधीत तसाच मिळतो असे नाही, कारण मधे माती असते. ‘नैसर्गिक’ म्हणून कोणताही अर्क निरुपद्रवी ठरत नाही. नवा अर्क सर्व पऱ्ह्यांवर (धानाच्या रोपांवर) वापरण्याआधी एका वाफ्यात, शेजारी बिनअर्काचा वाफा ठेवून पाहावा. पऱ्हे हातचे गेले, तर रोवणीचा हंगामही जातो.