धूळपाटीवरचे पहिले धडे
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातील मुलाचे अक्षरशिक्षण पंतोजीच्या, म्हणजे पालकांकडून धान्य व अल्प मोबदला घेणाऱ्या खासगी शिक्षकाच्या शाळेत धूळपाटीवर होत असे; या लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून मूल काडीने अक्षर गिरवी आणि चुकले की हाताने पुसून पुन्हा गिरवी. छापील पुस्तके दुर्मीळ असल्याने सारा भार पाठांतरावर पडे, आणि पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा व दीड यांचे पाढे, मुले एका सुरात घोकत. या घोकंपट्टीची पुढे झालेली टवाळी सर्वस्वी न्याय्य नव्हती, कारण शेर-पायलीच्या आणि आणे-पैच्या व्यवहारात हेच अपूर्णांक रोज लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर मात्र या पाढ्यांची बाजारातील गरज झपाट्याने ओसरली.