‘बोनोम रिचर्ड’ युद्धनौकेवरील आग व जाळपोळीचा खटला

अमेरिकी नौदलाच्या ‘बोनोम रिचर्ड’ (एलएचडी-६) या उभयचर युद्धनौकेला १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगो येथील नौदल तळावर लागलेली आग आणि तीतून उद्भवलेला खटला. संशयित जाळपोळीचा पुरावा कसा तोलावा, यासाठी हे प्रकरण बोधप्रद आहे.

घटना : १९९८ मध्ये नौदलात दाखल झालेली, सुमारे २५७ मी. लांबीची ही नौका दुरुस्तीसाठी धक्क्याला लागली होती. रविवारी सकाळी वाहने ठेवण्याच्या खालच्या डेकवर आग लागली आणि ती विझायला चार दिवसांहून अधिक काळ गेला. साठहून अधिक जण जखमी झाले. दुरुस्तीचा अंदाज २.५ ते ३.२ अब्ज डॉलरपर्यंत गेल्याने एप्रिल २०२१ मध्ये नौका सेवेतून काढून भंगारात देण्यात आली.

आरोप व निकाल : जुलै २०२१ मध्ये एका तरुण नौसैनिकावर आग लावल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुरावा अपुरा असल्याने खटला चालवू नये, अशी शिफारस प्राथमिक सुनावणीच्या अधिकाऱ्याने केली होती. तरीही वरिष्ठांनी प्रकरण लष्करी न्यायालयाकडे सोपवले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी न्यायाधीशांनी आरोपीची निर्दोष मुक्तता केली.

पुराव्याची छाननी : अशा खटल्यात तीन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध व्हाव्या लागतात : आग कोठे लागली, ती लावली गेली का, आणि लावली असल्यास कोणी. पहिलीवरून दुसरी किंवा दुसरीवरून तिसरी आपोआप सिद्ध होत नाही. येथे सरकारी तज्ज्ञांनी आग लावल्याचा निष्कर्ष काढला. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने मात्र त्याच भागातील लिथियम-आयन बॅटऱ्या आणि फोर्कलिफ्ट यांकडे बोट दाखवून अपघाताची शक्यता खुली ठेवली. अपघाताची कारणे एकेक करून वगळली, म्हणून आग लावलेलीच असणार, हा तर्क ‘एनएफपीए ९२१’ ही अग्नितपासाची अमेरिकी मार्गदर्शिकाही मान्य करत नाही. आग लावल्याच्या निष्कर्षाला प्रत्यक्ष आधार लागतो.

आरोपीला आगीशी जोडणारा भौतिक पुरावा मिळाला नाही. मुख्य भिस्त होती ती त्याला आगीपूर्वी त्या डेककडे जाताना पाहिल्याचे सांगणाऱ्या सहकाऱ्याच्या साक्षीवर. या साक्षीदाराच्या कथनात वेळोवेळी झालेला बदल बचाव पक्षाने उलटतपासणीत दाखवून दिला. आरोपीला नौदलाच्या ‘सील’ या विशेष दलाचे खडतर प्रशिक्षण सोडावे लागल्याची नाराजी हा हेतू सांगितला गेला. पण नाराजी हेतू सुचवते, कृत्य सिद्ध करत नाही.

तुलना : मे २०१२ मध्ये ‘मायामी’ या अमेरिकी पाणबुडीला गोदीत लावलेल्या आगीच्या प्रकरणात एका कामगाराने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला सतरा वर्षांहून अधिक कारावास झाला. ‘बोनोम रिचर्ड’च्या खटल्यात आरोपीने न्यायालयात अशी कबुली दिली नव्हती.

संस्थात्मक जबाबदारी : ऑक्टोबर २०२१ च्या नौदल चौकशी अहवालात ३६ व्यक्तींवर ठपका ठेवला गेला. बहुतेक अग्निशमन केंद्रे निष्क्रिय होती, फोम यंत्रणा वापरलीच गेली नाही आणि पाण्याचा पहिला मारा होण्यास फार उशीर झाला. आग कशी लागली, हे अनुत्तरित राहिले तरी ती का पसरली, याचे उत्तर या अहवालात मिळते. नुकसान कितीही मोठे असो, त्याने पुराव्यातील उणीव भरून निघत नाही. न्यायालयाने संशयाचा फायदा आरोपीला दिला, हे न्यायाच्या मूलतत्त्वाला धरूनच झाले.