विंचू, घोडा आणि महाडचा डॉक्टर

आमचं मूळ गाव वरकुटे, तालुका इंदापूर. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि मधे उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलं की आजी पहिल्या दिवशी एकच नियम सांगायची: चपला झटकल्याशिवाय पायात घालायच्या नाहीत आणि सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही. कारण अर्थातच विंचू.

आजीचा धाकटा भाऊ सात-आठ वर्षांचा असताना विंचू चावून गेला. ती गोष्ट ती दरवेळी अगदी तशीच सांगायची, एक शब्द इकडे-तिकडे नाही. विंचू बोटाच्या पेराएवढा, तांबूस. "एवढंसं पिल्लू, त्याचं काय घेऊन बसलात" म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. कांदा चोळला. थोड्या वेळाने पोराला उलट्या सुरू झाल्या. मग घाम इतका की सदरा पिळून काढावा. हातपाय बर्फासारखे गार. पहाटे तोंडातून गुलाबी फेस आला आणि खेळ संपला. मांत्रिकाला आणायला माणूस गेला होता, पण तो येईस्तोवर उजाडलं. आजीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "मंत्र उशिरा पडला."

मी इंजिनीअर झाल्यावर या वाक्याला मनातल्या मनात हसायचो. आता हसत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा आजचा लेख.

आधी मांत्रिकाच्या बाजूने दोन शब्द. त्याचा 'सक्सेस रेट' खरंच चांगला होता! आपल्याकडची काळी, दांडगी इंगळी दिसायला भयंकर असते, पण ती चावली तर बहुतेक वेळा वेदना आणि सूज यावर भागतं. तांबडा विंचू चावलेलेही पुष्कळ जण कळा सोसून आपोआप बरे होतात. म्हणजे मंत्र घाला, कांदा चोळा नाहीतर एकनाथांचं विंचवाचं भारूड म्हणा, दहातले बरेच जण सकाळी उठून कामाला लागणारच. श्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. ज्यांना काहीच उपाय केला नाही, त्यांचं काय झालं? हा आकडा हातात नसेल तर कुठल्याही उपायाबद्दल काहीही बोलता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९७६ सालात येऊ. डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. पेशंट यायचे आणि डोळ्यांदेखत जायचे. या माणसाने साधी पण अवघड गोष्ट केली: पेशंटच्या उशाशी बसून राहिला आणि काय काय होतं ते लिहीत गेला. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारठा, फुप्फुसात भरणारं पाणी. १९८२ मध्ये ही निरीक्षणं लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही नुसती 'घाबरल्याची' लक्षणं नसून हृदयावर संकट येत असल्याची आगाऊ सूचना आहे, हा त्यातला मुद्दा.

मी ते वाचलं तेव्हा आजीची गोष्ट आठवून अंगावर काटा आला. क्रमसुद्धा तोच!

आत काय होतं ते थोडक्यात. आपल्या नसांमध्ये सोडियमची बारीक बारीक दारं असतात. संदेश गेला की दार बंद व्हायला हवं. लाल विंचवाचं विष ते दार नीट बंदच होऊ देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपची एक्झिट कंडिशन उडाली. नसा संदेश पाठवतच राहतात, अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात (म्हणून हातपाय गार), आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. शेवटी हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. तो गुलाबी फेस म्हणजे हेच पाणी.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. पण ते सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यायचं आणि सारखा रक्तदाब बघत बसायचं औषध, खेड्यातल्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचं. मग त्यांनी प्राझोसिन निवडलं. ब्लड प्रेशरची साधी, स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. १९८६ मध्ये हे निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये आले. प्राझोसिनच्या आधीच्या काळात पश्चिम भारतात फुप्फुसात पाणी झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण शेकडा १ च्याही खाली गेलं. एका गोळीने!

पण इथे एक 'पण' आहे. प्राझोसिन विषाला हात लावत नाही. विषाने जो गोंधळ घातला तो निस्तरते. आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात. प्रॉडक्शन वाचतं, बग तिथेच असतो. विषालाच पकडायचं तर वेगळं हत्यार हवं, आणि ते आपल्या शरीरातच तयार होतं: प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी नावाची प्रथिनं.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की धनुर्वात किंवा घटसर्पाच्या विषाची सवय झालेल्या प्राण्याच्या रक्ताचा द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर दुसराही वाचतो. १८९४ पासून फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत आणि इतरांनी हेच तत्त्व सापाच्या विषाला लावलं. बेरिंगला १९०१ चं वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं.

इथे लस आणि सीरम यातला फरक समजून घेतला पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस म्हणजे शरीराला सोर्स कोड देणं. कंपाइल तुमचं शरीर करणार, आणि त्याला दिवस-आठवडे लागणार. विंचू चावलेल्या पोराकडे तेवढा वेळ नसतो. त्याला रेडीमेड एक्झिक्युटेबल हवी. ती देतो घोडा. घोड्याला विषाचे अगदी छोटे, हळूहळू वाढवत नेलेले डोस देतात. घोडा प्रतिपिंडं बनवतो, मग त्याचं थोडं रक्त काढून त्यातून ती वेगळी करतात. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं, तिच्याच वंशातल्या सरकारी महामंडळाने लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही बनवलं. (सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही बरं का. कुलूप वेगळं, किल्ली वेगळी.)

मग प्रश्न मिटला? छे! घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं असतं. ते आत आलं की आपली रोगप्रतिकार यंत्रणा त्याच्यावरच चालून जाऊ शकते. कुणाला लगेच भयंकर अॅलर्जी, कुणाला आठवडा-दीड आठवड्याने ताप, पुरळ, सांधेदुखी. या दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे 'सीरम सिकनेस'चा, १९०५ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी सविस्तर अभ्यास केला, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने 'अॅलर्जी' हा शब्द जगाला दिला. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो: दोन हात आणि एक दांडा. विष पकडतात ते हात. म्हणून पेप्सिन या पाचकरसाने दांडा छाटून फक्त हातांची जोडी द्यायची पद्धत आली. त्याने त्रास कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणजे औषधाचाही धोका आहे. मग फायदा त्याहून मोठा आहे का? इथे जगात खरोखर मतभेद होते. १९९९ मध्ये ट्युनिशियातली ८२५ रुग्णांची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. निष्कर्ष असा, की विंचू चावलेल्यांना सरसकट प्रतिविष देण्याचा काही फायदा नाही. उलट २००९ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात फक्त १५ अत्यवस्थ मुलांवर चाचणी झाली. प्रतिविष मिळालेली ८ च्या ८ मुलं चार तासांत सावरली, न मिळालेल्या ७ पैकी फक्त १. खोटं कुणीच बोलत नव्हतं. विंचवाची जात वेगळी, प्रतिविष वेगळं, रुग्णांची निवड वेगळी. आपल्या लाल विंचवाचं उत्तर आपल्यालाच शोधायला हवं होतं.

आणि ते कुणी शोधावं? त्याच बावस्करांनी. आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या गोळीने तुमचं नाव जगभर झालं, तिच्यापेक्षा सरस काही आहे का, हे तुम्हीच तपासायचं. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनपुढे प्रतिविषाचं पारडं जड ठरलं नव्हतं. तिथे थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. ते थांबले नाहीत. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या जोडप्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्ण घेतले आणि कुणाला काय द्यायचं हे नशिबावर सोपवलं. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये 'बीएमजे'त निकाल आला. दहा तासांनी प्रतिविषवाल्या गटात ३२ जणांची लक्षणं गेली होती, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ जणांची. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास.

दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. प्रकृती आणखी बिघडलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. शिवाय चाचणी उघड होती, म्हणजे कुणाला काय दिलंय ते डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं. म्हणजे गोळीची हकालपट्टी झाली नाही. तिला जोडीदार मिळाला.

मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोठी वाटते ती ही ७० जणांची चाचणी. आम्ही ऑफिसात स्वतःच्या कोडवर दुसऱ्याने कमेंट टाकली तरी दिवसभर तोंड पाडून बसतो! २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बातम्यांत 'विंचूदंशावर औषध शोधणारे' एवढंच यायचं. माझ्या मते 'स्वतःचं औषध पुन्हा तपासणारे' असंही लिहायला हवं होतं.

आता पुन्हा आजी. "मंत्र उशिरा पडला" यातला 'मंत्र' चुकीचा होता, पण 'उशिरा' अगदी बरोबर होता. प्रतिपिंड रक्तात फिरणारं विष पकडतं. विष नसांपर्यंत पोचून बसलं आणि हृदय थकलं, की नुकसान भरून काढणं त्याच्या हातात नसतं. गोळीचंही तेच, लवकर दिली तर खरी. आजीने वेळेचं महत्त्व ओळखलं होतं, फक्त त्या काळात तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं.

आज आहे. म्हणून गावाकडे घर असलेल्या मंडळींनो, यंदा सुट्टीत गेलात की दोन कामं करा. जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का आणि विंचवाचं प्रतिविष जवळात जवळ कुठे मिळतं, हे आधीच विचारून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा: विंचू लहान आणि तांबडा असला म्हणून सोडून देऊ नका. उलटी, घाम, गार हातपाय दिसले की गाडी काढायची. कांदा परत आल्यावर भाजीत घालता येईल.

आणि हो, चपला झटकूनच घाला.